कला शाखेची प्रयोगवही

"तू आर्ट्सची ना? मग तुला कशाला हव्यात या उठाठेवी?" हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदाच छापून टाकावे, म्हणून हा लेखनप्रपंच. वार्षिकांकात कला शाखेच्या विद्यार्थिनीने कविता लिहावी, सहलीचे वर्णन लिहावे, फार तर हुंड्याच्या प्रश्नावर कळवळून लिहावे, असा एक अलिखित संकेत आहे. चुन्याची निवळी, गोणपाट आणि सोयाबीन यांवर लिहिलेला लेख संपादक मंडळ विज्ञान विभागाकडे पाठवून देईल अशी मला धास्ती वाटते. तसे करू नये ही नम्र विनंती. हा लेख कला शाखेचाच आहे.

आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की गुणांप्रमाणे मुलांची वाटणी होते. वरची सायन्सला, मधली कॉमर्सला, आणि उरलेली आमच्यात. त्या दिवसापासून कला शाखेत आलेल्या मुलाचा निसर्गाशी असलेला संबंध जणू कायद्याने तुटतो. दूध का नासते, विहिरीला पाझर कोठून येतो, विस्तवावर पाणी टाकले की 'चर्र' असा आवाज का होतो, हे विचारण्याचा हक्क त्याने प्रवेश अर्जासोबतच कार्यालयात जमा केलेला असतो. पावतीसुद्धा मिळत नाही. आणि सायन्सला गेलेल्यांचे तरी काय मोठे बरे आहे? माझी एक मैत्रीण तिकडे आहे. प्रयोगशाळेत शिरताना तिच्या तोंडी पहिला प्रश्न असतो तो "उत्तर किती यायला पाहिजे?" उत्तर आधी, प्रयोग मागाहून. त्यांच्या वह्यांत आजवर एकही प्रयोग फसल्याची नोंद नाही. ज्या घरात एकही भाकरी करपत नाही त्या घरात चूल पेटत नसावी, असे आमची आजी म्हणते.

मराठी भाषेला 'प्रयोग' हा शब्द किती अंगांनी माहीत आहे पाहा. व्याकरणाच्या तासाला कर्तरी आणि कर्मणी प्रयोग. नाट्यगृहात तीन अंकी नाटकाचा प्रयोग. प्रयोगशाळेतला प्रयोग. आणि आमच्या गावाकडे कुणाचे दुभते जनावर आटले की "कुणीतरी प्रयोग केलाय" असे खालच्या आवाजात म्हणतात तो चौथा. यातले पहिले दोन आम्हा कला शाखेच्या मुलांच्या वाट्याला आलेले आहेत, तिसरा दुसऱ्यांना दिलेला आहे, आणि चौथ्याला कोणत्याच शाखेची प्रवेशमर्यादा नाही. माझे म्हणणे एवढेच की तिसरा हातचा सोडला की चौथा आपोआप घरात शिरतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

आमचे गाव संगमनेर तालुक्याच्या पठार भागात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. आण्णा नववीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत, आजी शाळेच्या भिंतीपर्यंत. शाळेची भिंत बांधताना ती मजुरीला होती. तीन वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाला कावीळ झाली. डोळे पिवळे, लघवी पिवळी, अन्नावर वासना नाही. पंचक्रोशीत कावीळ उतरवणारा एक माणूस आहे. त्याच्याकडे नेले. तो रोग्याचे हात आपल्या हातांत घेऊन काही पुटपुटतो, तळहातापासून कोपरापर्यंत चोळतो आणि मग परातीतल्या 'मंतरलेल्या' पाण्यात धुवायला लावतो. पाणी पिवळेजर्द होते. बसलेली सगळी माणसे ते पाहतात. एक दिवसाआड पाच वेळा कावीळ उतरली, दर वेळी परात पिवळी झाली, आणि पोरगा मात्र दिवसेंदिवस खचत गेला. शेवटी बरळायला लागला तेव्हा रुग्णालयात नेला. अकरा दिवस तो तेथे होता. वाचला. त्या बिलापायी मावशीची दुभती गाय गेली.

आता खरी गोष्ट पुढे आहे. एवढे होऊनही घरातल्या कुणाचाही त्या परातीवरचा विश्वास डळमळला नाही. "निम्मी कावीळ त्यानं उतरवली होती म्हणून तर डॉक्टरच्या हाताला यश आलं," असे आजीचे म्हणणे. "पिवळं पाणी म्या माझ्या डोळ्यानं पाह्यलंय." डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला वादविवाद स्पर्धेतल्या भाषणाने उत्तर देता येत नाही. मी दिले होते, तालुक्यात त्याला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले होते. घरात त्याचा उपयोग शून्य. डोळ्यांनी पाहिलेल्याला उत्तर डोळ्यांनाच दाखवावे लागते.

अशा 'चमत्कारां'ची फोड करून दाखवण्यात बी. प्रेमानंद यांनी सारे आयुष्य घालवले, आणि महाराष्ट्रात १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव हेच केले. काविळीच्या परातीचे गुपित त्यांच्या प्रात्यक्षिकांत असते. आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून वाळू दिला तर तो सहजी दिसत नाही, आणि तोच हात चुन्याच्या निवळीत धुतला की पाणी पिवळे होते. बस्स. साहित्य म्हणाल तर परसातला आंबा आणि आजीच्या चंचीतला चुना.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी हे घरी करायचे ठरवले. पण नुसते करून दाखवले असते तर मीही एक लहानसा बुवाच झाले असते. म्हणून थोडा विचार करून मांडणी केली. ओट्यावर चार ताटे. आण्णांच्या आणि मावसभावाच्या हाताला सालीचा रस, आई आणि माझ्या हाताला साधे पाणी. चौघांचेही हात वाळू दिले. आण्णांनी, आईने आणि मी चुन्याच्या निवळीत हात धुतले, मावसभावाने साध्या पाण्यात. (चुन्याची निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि नंतर हात स्वच्छ धुवावेत, करून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) आण्णांच्या ताटातले पाणी पिवळे झाले. आईचे आणि माझे नाही. मावसभावाने धुतलेल्या साध्या पाण्यात फारसा रंग उतरला नाही. मग तेच हात त्याला निवळीत घालायला लावले तेव्हा पिवळे झाले. आण्णांना जन्मात कावीळ झालेली नाही. मावसभाऊ बरा होऊन दोन वर्षे उलटली होती. तरी दोघांची 'कावीळ' ताटात उतरली.

सगळे हसले. आजी हसली नाही. ती ताटाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "तू असं केलंस हे खरं. पण त्यानं बी असंच केलं, हे कशावरून?"

मित्रांनो, तर्कशास्त्राचा पेपर मी दिला आहे. त्यात इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आजीचे बरोबर होते. माझ्या चार ताटांनी तो माणूस लबाड आहे हे मुळीच सिद्ध झाले नव्हते. सिद्ध झाले होते ते एवढेच की पिवळे पाणी हा कावीळ उतरल्याचा पुरावा होऊ शकत नाही, कारण कावीळ नसतानाही ते पिवळे होते. या दोन विधानांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक एका अंगठेबहाद्दर म्हातारीने चुलीपुढे बसून दाखवून दिला. तिला मी एवढेच म्हणाले, "मग आजी, हे कसं तपासायचं?" थोडा वेळ तंबाखू मळून झाल्यावर ती उत्तरली, "मलाच घेऊन चल त्याच्याकडं. मला कुठं कावीळ झालीया? पाणी पिवळं झालं की समजंल."

ज्याला आमच्या संशोधन पद्धतीच्या पुस्तकात मोठे नाव आहे ते हेच. अजून ती गेलेली नाही, कारण तिचे गुडघे. पण तिने परातीविषयी शपथ घेऊन बोलायचे सोडले आहे, आणि माझ्या भाषणाला मिळालेल्या बक्षिसापेक्षा मला हे मोठे वाटते.

असे परातवाले टिकून का राहतात याचेही उत्तर मिळते. कावीळ हा मुळात रोग नव्हे, ते लक्षण आहे. रक्तात पित्तरंजक द्रव्य वाढल्याचे. दूषित पाण्यातून येणारी यकृताची सूज हे आपल्याकडे त्याचे नेहमीचे कारण, आणि तिच्यातून बहुतेक माणसे काही आठवड्यांत आपली आपण बरी होतात. श्रेय परातीला जाते. ज्यांची होत नाहीत, त्यांची नातेवाईक मंडळी परातीविरुद्ध साक्ष द्यायला येत नाहीत; ती आपले दैव म्हणून गप्प बसतात. गरोदर बाईच्या बाबतीत तर यातला एक प्रकार जिवावर उठतो. तेथे पाच दिवस परातीत घालवणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

याच कामासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घालून हत्या झाली, आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा हवाच होता. परंतु कायदा परातवाल्याला भीती घालील. ओट्यावरच्या माणसाच्या मनातली परात त्याने पालथी होत नाही.

कुणी म्हणेल, हे झाले रसायनांचे. भाषा, समाज, इतिहास शिकणाऱ्यांनी यात काय करायचे? त्यांनी २००८ सालचा एक प्रयोग अवश्य समजून घ्यावा. डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. दाभोलकर आणि इतर काही सहकाऱ्यांबरोबर पुण्यात तो केला. हुशार म्हणून गणल्या गेलेल्या १०० मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या शाळांतल्या १०० मुलांच्या जन्मवेळा घेऊन २०० पत्रिका तयार केल्या. ज्योतिषांना आवाहन केले: प्रत्येकी ४० पत्रिका देतो, कोणती हुशार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची ते सांगा. तयारी ५१ जणांनी दाखवली, उत्तरे २७ जणांची आली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ४६ टक्के निघाले. नुसता रुपया उडवत बसले असते तरी पन्नासच्या आसपास बरोबर आली असती. यात परीक्षानळी नाही, दिवा नाही, सूक्ष्मदर्शक नाही. कागद, पेन आणि नेमका प्रश्न. हा कला शाखेचा प्रयोग नाही तर कोणाचा? आमच्या वर्गात मी तो कमी खर्चात करून पाहिला: एका दैनिकातले बारा राशींचे भविष्य राशींची नावे खोडून फळ्यावर लिहिले आणि "काल तुमच्या बाबतीत खरे ठरलेले निवडा" असे सांगितले. पंचेचाळीस मुलांपैकी फक्त तिघांनी स्वतःच्या राशीचे निवडले. योगायोगानेही बारात एक, म्हणजे चारेक जणांचे जुळायला हवे होते. एका वर्गावरून काही ठरत नाही हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवसापासून आमच्या वर्गात भविष्य वाचताना निदान एक जण तरी "खोडून वाच" असे ओरडतो.

आम्ही राज्यशास्त्राचे विद्यार्थी. राज्यघटनेतील मूलभूत कर्तव्ये आम्ही पाच गुणांसाठी पाठ करतो. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ५१-क आले, आणि त्यातले (ज) हे कर्तव्य वैज्ञानिक दृष्टी आणि शोधक बुद्धी यांविषयी आहे. ते "भारताच्या प्रत्येक नागरिकाचे" आहे. कला शाखा वगळून, असे त्यात कोठेही लिहिलेले नाही. मी दोनदा वाचून खात्री केली.

आता घरगुती प्रयोगांविषयी एक तक्रार. बाजारात मिळणाऱ्या पुस्तकांत आणि हल्ली मोबाईलवर दिसणाऱ्या चित्रफितींत हे प्रयोग जादूसारखे दाखवतात. सोडा टाकला, लिंबू पिळले, फेस आला, टाळ्या. पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न उरतच नाही. उरते ती करमणूक. बुवाच्या परातीत आणि या फेसात मग फरक काय राहिला? दोन्हीकडे पाहणाऱ्याने तोंड उघडे ठेवून बसायचे. माझ्या मते प्रयोग सुरू होतो तो फेस आल्यानंतर. लिंबाऐवजी चिंच पिळली तर? ताकाने येईल का? गरम पाण्याने लवकर येईल का? आमच्या शाळेत लिटमस कागद मी पाहिला तो पुस्तकातल्या चित्रात. पण हळदीचा डाग पडलेल्या ओढणीला साबण लावला की तो लाल होतो, हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत असते, आणि हळदीपासून कुंकू करतात तेही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. लिटमस आपल्या कपाळावर होता. फक्त त्याला कुणी प्रश्न विचारला नव्हता.

मायकेल फॅरेडे या इंग्लिश शास्त्रज्ञाविषयी मला विशेष जिव्हाळा वाटतो तो एवढ्याचसाठी. लोहाराचा मुलगा. पुस्तक बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकला. पुढे विजेच्या जनित्रामागचे तत्त्व ज्याने शोधले तोच हा माणूस, आणि वयाच्या सत्तरीकडे झुकलेला असताना १८६०-६१ च्या हिवाळ्यात लहान मुलांपुढे सहा व्याख्याने दिली ती एका मेणबत्तीवर! त्यातला एक प्रयोग भारनियमनाच्या रात्री आम्ही भावंडांनी इतक्या वेळा केला की आईने मेणबत्त्या लपवून ठेवल्या. मेणबत्ती फुंकून विझवा. वातीतून पांढरा धूर वर जाईल. त्या धुराला, वातीपासून दोन बोटे वर, पेटती काडी लावा. ज्योत धुरावरून उडी मारून वातीवर बसते. म्हणजे जळते ते काय? मेण, वात, की तो धूर? धाकट्या भावाने यावर विचारले की मग धूर बाटलीत भरून ठेवून नंतर पेटवता येईल का. मला उत्तर आले नाही. आम्ही बाटली भरून पाहिली, आणि बाटलीच्या काचेला आत पांढरट थर बसला. धूर म्हणून जे गेले ते मेण म्हणून सापडले. त्या रात्री वीज लवकर आली याचे आम्हाला वाईट वाटले.

आपल्याकडे अरविंद गुप्तांनी हेच काम केले आहे. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झालेला, पुण्यात टेल्कोत नोकरी करणारा हा माणूस १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाच्या ओढीने मध्य प्रदेशातल्या खेड्यात गेला आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून मुलांना भूमिती शिकवू लागला. पुढे पुण्याच्या आयुकात, नारळीकरांनी उभ्या केलेल्या त्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात, त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा चौकोन-त्रिकोणाचा प्रयोग मी करायला गेले तर आमच्या गावातल्या सायकलवाल्याकडे ती नळीच मिळेना. मग ज्वारीच्या ताटाचे भेंड आणि बाभळीचे काटे घेतले. यांची बैलगाडी आम्ही लहानपणी करतच होतो! चार ताटांचा चौकोन बोटाने दाबला की कलतो. तीन ताटांचा त्रिकोण हलत नाही. आण्णा वर पत्र्याकडे बघून म्हणाले, "म्हणून का कैचीला तिरपं लाकूड टाकत्यात!" तीस वर्षे ते त्या छपराखाली झोपत आले आहेत.

यावर सर्वांत रास्त आक्षेप माझ्या आईचा आहे. "पोटापाण्याचं बघायचं का असले खेळ करायचे?" प्रश्न खोटा नाही. म्हणून पोटापाण्याचेच उदाहरण घेते. आमच्या पठारावर उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो. पाऊस पडला की आण्णा कुदळीने खणून ओल किती बोटे गेली ते पाहतात. हाही प्रयोगच, आणि चांगला प्रयोग. मी त्यात सरळ भिंतींचा एक डबा आणि पट्टी यांची भर घातली. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढे एक सूत्र पुरे. २५ मिलिमीटर पाऊस झाला तर एका एकरावर साधारण एक लाख लिटर पाणी पडते. दहा हजारांचे दहा टँकर! पहिल्यांदा हिशेब सांगितला तेव्हा आण्णांनी तो माझ्याकडून तीनदा करून घेतला आणि मग म्हणाले, "मंग गेलं कुठं?" याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हाच प्रश्न गावाने मिळून विचारला. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे. सरकारी अधिकारी, मंत्री, परदेशी पाहुणे ते पाहायला येतात. आमच्या गावातून हिवरे बाजारची सहल दोनदा गेली. परत येऊन पाऊस मोजणारा डबा मात्र एकाही घरापुढे लागला नाही. सहलीचे फोटो आहेत.

बाजरी पेरण्याआधी ती मिठाच्या पाण्यात टाकायची, दहा लिटर पाण्याला दोन किलो मीठ, म्हणजे अरगट रोगाच्या गाठी आणि पोचट दाणे तरंगून वर येतात. ते काढून टाकायचे आणि खालचे दाणे साध्या पाण्याने दोनतीनदा धुऊन सावलीत वाळवायचे, ही कृषी खात्याची शिफारस जुनीच आहे. आई ती करते. का तरंगतात हे तिने कधी विचारले नव्हते. साध्या पाण्यात बुडणारा बटाटा मी त्या मिठाच्या पाण्यात टाकून तरंगवून दाखवला, तर ती म्हणाली, "म्हणजे पाणीच जड झालं म्हणायचं." मला जे समजायला पुस्तकाची दोन पाने लागली होती ते तिने पाच शब्दांत आटोपले.

आणि सोयाबीन. २०२० च्या जूनमध्ये महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पेरलेले सोयाबीन उगवले नाही म्हणून आरडाओरड झाली होती. आमचेही एक एकर उगवले नाही. पिशवी विकतची होती. पंचनामा झाला, अर्ज झाला; दुबार पेरणीचे पैसे आजवर आलेले नाहीत. त्यानंतर कृषी सहायकांनी घरच्या बियाण्याची उगवण तपासायची रीत गावात सांगितली. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचे, आणि सहासात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बियाणे पुरते. कमी उगवले तर त्या मानाने बियाणे वाढवायचे. खर्च शून्य. गावात घरोघर शिकलेली पोरे आहेत, बी.ए. आहेत, बी.कॉम. आहेत, एक तर एम.एस्सी. आहे. गेल्या मे महिन्यात किती घरांत गोणपाट भिजले म्हणता? मी विचारत फिरले तेव्हा चार निघाली.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. गावरान वाण गोळा करायचे, लावायचे, कोणता कसा येतो ते डोळ्यांखालून घालायचे, निवडायचे, जपायचे. एवढ्यावर त्यांनी आपल्या घरी बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. आपल्या महाविद्यालयात त्यांच्यावर भित्तिपत्रक झाले. मीच त्याचे अक्षर काढले होते. पण भित्तिपत्रकाखाली एक गोणपाट आणि शंभर दाणे ठेवावेत असे आम्हा पंधरा जणींपैकी कुणाच्या डोक्यात आले नाही, आणि मार्गदर्शक प्राध्यापकांच्याही नाही. हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. आपल्या शिक्षणाची खोड कोठे आहे ते दाखवायला लिहिते: आपण प्रयोग करणाऱ्याचा सत्कार करतो आणि प्रयोग त्याच्याच घरी ठेवून येतो.

प्राचार्यांना आणि प्राध्यापकांना माझे दोन मागणे आहे. महिन्यातून एक दुपार विज्ञान शाखेची प्रयोगशाळा आम्हा कला व वाणिज्यच्या मुलांना उघडी असावी. वर्ग म्हणून नको, गुण तर नकोतच. सोबत कुणी प्रश्न घेऊन आले तर त्याला मदत करणारे एक प्राध्यापक असावेत. दुसरे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात आपण दरवर्षी अंधश्रद्धेवर पथनाट्य करतो. नाटकाचा प्रयोग जरूर व्हावा. पण त्याच्या शेजारी चार ताटेही मांडावीत, आणि गावकऱ्यांचेच हात त्यांत धुवायला लावावेत. त्यांच्यातली एखादी आजी जो प्रश्न विचारील त्याचे उत्तर आपल्याला येईलच असे नाही, याची तयारी ठेवूनच.

आमच्या घरी सध्या एक वाद चालू आहे. गेल्या वर्षी मी दोन पोत्यांतले शंभर-शंभर दाणे तपासले. थप्पीत खाली असलेल्या पोत्यातले ६२ उगवले, वरच्यातले ७४. आईचे मत असे की सोयाबीनचे साल पातळ, खालचे पोते वरच्या भाराने दबले म्हणून दाणे दुखावले. आण्णांचे मत असे की खालच्या पोत्याला जमिनीची ओल लागली. मी म्हणते, शंभरच दाण्यांवरून एवढे भांडायचे कारण नाही. तेव्हा यंदा तीन पोती वेगळी ठेवली आहेत. पहिले जमिनीवर, त्याच्यावर दुसरे पोते रचलेले. दुसऱ्या कोपऱ्यात एक फळीवर, त्याच्यावर तेवढ्याच वजनाचे दगड. तिसरे फळीवर, मोकळे. तिन्हींवर खडूने आकडे घातले आहेत. दगड आणि फळ्या आण्णांनीच आणल्या, आणि प्रत्येक पोत्यातून एक शंभरी न घेता चार घ्याव्यात ही सूचना आईची. गोणपाटे २ मे रोजी भिजवायची आहेत.